रंगमास्तरांची स्क्रीन

रंगमास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. ते लेबलं छापणाऱ्या एका छापखान्यात होते. औषधाच्या बाटल्या, साबणाच्या वड्या, बिस्किटांचे पुडे, ज्या ज्या वस्तूला कागदाचा अंगरखा लागतो तो हा छापखाना छापायचा, आणि त्या अंगरख्याचा रंग ठरवायचं काम तीस वर्षं या एका माणसाकडे होतं. गिऱ्हाईक चित्र आणून द्यायचं. मास्तर ते कॉम्प्युटरवर घेऊन चार शायांत फोडायचे. निळी किती टक्के, पिवळी किती, लाल कुठे कमी करायची ते बघायचे. मग फाईल शेजारच्या खोलीत छपाईच्या प्लेटा काढायला जायची आणि प्लेटा खाली मशीनवर. मशीन एकदा सुरू झालं की तासाला दहा हजार लेबलं बाहेर पडतात. त्यामुळे चूक सापडायची असेल तर ती मास्तरांच्या टेबलावरच सापडायला हवी, असा तिथला रिवाज.

‘रंगमास्तर’ हे नाव त्यांना जुन्या मालकांनी दिलं होतं. आता जुने मालक नव्हते, त्यांचा मुलगा कारभार बघायचा, पण नाव राहिलं होतं. नुसत्या नजरेनं मास्तर सांगायचे, “यात लाल शंभर आहे, पिवळा नव्वद. शंभर-शंभर मागितला होता ना?” आणि भिंगाखाली शाईचे ठिपके मोजले की तेच निघायचं. ही खोड घरापर्यंत गेली होती. बाजारातून आणलेला टोमॅटो हातात धरून ते म्हणायचे, “हा वीस टक्के पिवळा जास्त आहे.” बायको विचारायची, “मग शिजवू का छापायला पाठवू?”

एके दिवशी सकाळी त्यांचा जुना अवजड मॉनिटर सुरूच होईना. गेलं वर्ष-दीड वर्ष मास्तर त्याच्यावर खार खाऊन होतेच. “याचा निळा मेलाय,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. तो बंद पडला तेव्हा त्यांना हायसं वाटलं.

“आता लॅपटॉप घेऊ,” मालक म्हणाले. “गिऱ्हाइकाकडे जाऊन तिथल्या तिथे रंग दाखवता येईल. पण निवडायचा तुम्ही, मास्तर. तुमचं हत्यार आहे.”

दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले होते. दुकानदार जाडजूड, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. “आतून दोन्ही एकच,” तो म्हणाला. “फरक फक्त अंगाचा. हा मॅट, हा ग्लॉसी.” त्यानं दोन्हींवर एकच चित्र लावलं, फळांची टोपली.

ग्लॉसीवरचा काळा रंग खोल विहिरीसारखा होता. लाल रंग ओला वाटत होता, बोट लावलं तर लागेल असा. पण त्याच्यावर दुकानातल्या ट्यूबलाइट आडव्या पडल्या होत्या, पंखा फिरत होता, आणि टोपलीच्या बरोबर मधोमध मास्तरांचं स्वतःचं टक्कल चमकत होतं. मॅटवर यातलं काही नव्हतं. मात्र चित्रावर कुणीतरी बारीक पीठ भुरभुरल्यासारखं दिसत होतं. काळा होता तो राखाडी झाला होता.

“ग्लॉसी म्हणजे चकचकीत आर्ट पेपर आणि मॅट म्हणजे साधा कागद, एवढंच समजा,” दुकानदार म्हणाला.

“कागदाचं मला नका सांगू,” मास्तर म्हणाले.

ते दीड तास तिथं उभे होते. एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. दुकानदाराला दिवे बंद करायला लावले, मग लावायला लावले. लॅपटॉप उचलून दारापाशी नेला, उन्हात धरला, परत आणला.

“साहेब, लोक घर घेताना एवढं बघत नाहीत,” दुकानदार शेवटी म्हणाला.

मास्तरांना खरं कारण त्याला सांगता येत नव्हतं, कारण ते त्यांना स्वतःलाच धड कळत नव्हतं. दोन्ही स्क्रीनवर पातळ धुकं होतं. ग्लॉसीवर चकाकणारं, मॅटवर मळकं. दुकानातला उजेडच वाईट आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि मॅट घेतला. आपलं काम शेवटी कागदावर उतरणार, आणि कागद कुठे चमकतो, असं त्यांनी मालकांना सांगितलं. मालकांना ते पटलं.

मास्तरांची खोली पहिल्या मजल्यावर होती, मशीनच्या दालनाच्या डोक्यावर. मोठं मशीन चालू झालं की फरशी पायाखाली बारीक थरथरायची. भिंती राखाडी रंगवलेल्या, कारण रंगीत भिंतीच्या खोलीत रंग नीट दिसत नाही. कोपऱ्यात एक उजेडपेटी होती. त्यातला दिवा दिवसाच्या उजेडासारखा. छापलेला नमुना त्याच्याखाली धरून तपासायचा. या खोलीत मास्तर आठ दिवस मॅट स्क्रीनसमोर बसले आणि आठही दिवस वैतागले. सगळं फिकं, सगळं दमलेलं. उजेड शेवटच्या टोकापर्यंत वाढवला तरी तेच. नवव्या दिवशी ते लॅपटॉप काखेत मारून दुकानात गेले.

“सांगितलं होतं ना,” दुकानदार म्हणाला. त्यानं सांगितलं नव्हतं, पण मास्तर वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी ग्लॉसी घेतला.

ग्लॉसीच्या पहिल्या सकाळी त्यांना अगदी तरुण झाल्यासारखं वाटलं. रंग उठून दिसत होते. अकरा वाजता समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर ऊन आलं, पत्र्यानं ते खिडकीतून आत फेकलं, आणि स्क्रीन पांढरीफटक झाली. खिडकी बंद केली तर ट्यूबलाइट आडवी. ट्यूब बंद केली तर उजेडपेटीचा दिवा. प्रत्येक दिव्याभोवती केसाळ, पिवळट कडं दिसायचं आणि डोळ्यांतून पाणी यायचं. मास्तरांनी खिडकीला काळा कागद चिकटवला. ते पुरेना, तेव्हा पुठ्ठा कापून स्क्रीनच्या तिन्ही बाजूंनी आडोसा बांधला आणि वरून छप्पर केलं. आता काम करायचं तर मान त्या खोक्यात घालून बसावं लागायचं.

खालच्या मशीनवरची माणसं वर आली की म्हणायची, “मास्तर, खुराडं झकास झालंय. अंडी कधी?”

मास्तरही हसायचे. संध्याकाळी मात्र मान एवढी आखडलेली असायची की रस्ता ओलांडताना त्यांना अख्खं अंग वळवून बघावं लागायचं.

मग कुणीतरी सांगितलं की ग्लॉसीवर चिकटवायची मॅट फिल्म मिळते. तीही आणली. आता चमक गेली, पण सगळ्या रंगांत वाळू मिसळल्यासारखे कण चमचमायला लागले. चार दिवसांनी मास्तरांनी ती फिल्म ओरबाडून काढली. खालच्या कोपऱ्यात चिकाचा डाग राहिला, तो काही केल्या निघाला नाही. पुन्हा खुराडं आलं.

घरी वेगळीच कटकट चालू होती. मास्तरांना घरातल्या पांढऱ्या चादरी पिवळ्या दिसायला लागल्या होत्या. “साबण बदललास का?” ते बायकोला विचारायचे. तिनं साबण बदलला. मग म्हणाले, पाणी खराब येतंय. तिनं पाणी गाळून घेतलं, चादरी दोन-दोनदा धुतल्या, नीळ घातली. मास्तर त्या हातात घेऊन उजेडाकडे धरायचे आणि काही न बोलता ठेवून द्यायचे, आणि ते न बोलणं तिला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या लेकीशी फोनवर व्हिडिओत बोलताना ते एकदम म्हणाले, “अगं, तुला कावीळ झालीय का?” लेक घाबरून आरशासमोर गेली.

“अहो, सगळ्या घराला एकदमच कावीळ झाली का?” बायको म्हणाली. “डोळे दाखवून या एकदा.”

“माझ्या डोळ्यांना काय झालंय?” मास्तर उसळले. “पूर्वी वाचायला चष्मा लागायचा, आता तोही लागत नाही. औषधाच्या लेबलावरचं मुंगीएवढं अक्षर वाचतो मी.”

आणि ते खरं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचा वाचायचा चष्मा सुटला होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. वाद तिथेच मिटायचा.

मनात पाल मात्र चुकचुकत होती. दुपारी सगळे जेवायला गेले की मास्तर उजेडपेटीत रंगांच्या नमुन्यांची पट्टी उघडून बसायचे. गडद रंग ठीक होते. फिकट निळ्यांच्या पानावर आलं की दोन शेजारच्या चौकोनांत फरक दिसायचा नाही. ते पट्टी जवळ आणायचे, लांब न्यायचे, तिरकी धरायचे. मग पट्टीच विटली असणार, असं ठरवून त्यांनी नवी पट्टी मागवली. नवीतही ते पान तसंच होतं. त्या दिवशी ते बराच वेळ पट्टी मिटून हातात धरून बसले, आणि माणसं जेवून परतल्याचा आवाज आला तसे घाईघाईनं खुराड्यात मान घालून कामाला लागले.

छापखान्यातून निघणारी लेबलं मात्र चोख होती. एकही तक्रार नव्हती. मास्तरांना तोच आधार होता. डोळे बिघडले असते तर काम बिघडलं नसतं का?

प्लेटा काढायचं काम एका बाईंकडे होतं. पन्नाशीच्या, बारा वर्षं तिथे नोकरीला असलेल्या, रसायनांचे डाग पडलेला एप्रन घालून दिवसभर शेजारच्या खोलीत वावरणाऱ्या. सगळे त्यांना प्लेटवाल्या बाई म्हणायचे. बोलायच्या कमी. त्यांची आई पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, म्हणून त्या पंधरा दिवस रजेवर गेल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या छापखान्यातला एक माणूस बदली आला. त्याच्याकडे जी फाईल जाईल तिची तो प्लेट काढायचा.

त्याच आठवड्यात बाळाच्या साबणाचं लेबल आलं. जुनंच गिऱ्हाईक, फक्त वडीचा आकार बदललेला. पार्श्वभूमीला अगदी फिकट निळा, भांडंभर पाण्यात शाईचा एक थेंब सोडावा तसा. मास्तरांना तो स्क्रीनवर दिसेचना. त्यांनी निळी आठ टक्के केली. कोरा कागद. बारा केली, तरी कोरा कागद. अठरावर त्यांना जरासा भास झाला आणि चोविसावर मनासारखा फिकट निळा दिसला. खुराड्यातून मान काढून त्यांनी समाधानानं डोळे चोळले आणि फाईल पुढे पाठवली.

साठ हजार लेबलं छापून गेली. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक स्वतः आलं. त्यानं मालकांच्या टेबलावर जुनं आणि नवं लेबल शेजारी शेजारी ठेवलं आणि विचारलं, “हा साबण बाळाचा आहे की भांड्यांचा?”

मालकांनी मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी दोन्ही लेबलं उचलून उजेडपेटीत नेली आणि खाली वाकून बघितली. मग भिंग लावून बघितली. मागे मालक, गिऱ्हाईक आणि मशीनवरचा फोरमन उभे होते. मास्तरांना घाम फुटला, कारण त्यांना चूक दिसत नव्हती. दोन्ही लेबलं जवळजवळ सारखी होती. उलट नवंच थोडं जास्त चांगलं वाटत होतं.

“स्क्रीन,” मास्तर म्हणाले. “स्क्रीनचा घोळ आहे. मी पहिल्यापासून सांगतोय.”

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपचा दुकानदार एक छोटं यंत्र घेऊन आला. चहाच्या बशीएवढं, स्क्रीनवर पालथं घालायचं. ते लावल्यावर स्क्रीनवर एकामागून एक रंग येत गेले आणि यंत्र ते मोजत गेलं. दहा मिनिटं लागली. खाली मशीन बंद होतं, त्यामुळे फरशीही थरथरत नव्हती.

“स्क्रीन ठणठणीत आहे,” दुकानदार म्हणाला.

“मग तुमचं यंत्र बिघडलंय,” मास्तर म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. दुकानदारानं मास्तरांकडे बघितलं आणि मग मालकांकडे बघितलं, आणि ते बघणं मास्तरांनी पाहिलं.

“मास्तर,” मालक हळू आवाजात म्हणाले, “उद्या सुट्टी घ्या. काकूंना बरोबर घेऊन डोळे दाखवून या.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली, आत झोत टाकला, आणि बराच वेळ नुसतं “हं” म्हणाल्या.

“किती वर्षं चालवलंत असं?” त्यांनी विचारलं.

“काय चालवलं?”

“दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय, कोऱ्या चहाच्या रंगाचा. तुम्ही तीन-चार वर्षं तरी चहाच्या पेल्यातून जग बघताय.”

“पण मला चष्म्याशिवाय वाचता येतं,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“तेच तर लक्षण. आतलं भिंग दाट झालं की जवळचं दिसायला लागतं. लोक खूश होतात, आणि मग आमच्याकडे फिरकत नाहीत.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “उजवा आधी करू. डाव्याच्या मागचा पडदा मला बरा वाटत नाही. पण एवढ्या दाट मोतीबिंदूमागचं नीट दिसत नाही. काढल्यावर कळेल.”

बाहेर बाकावर बसल्यावर बायको काही बोलेल म्हणून मास्तर वाट बघत होते. ती म्हणाली, “पाणी पिणार का?” एवढंच.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया अर्ध्या तासात झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मास्तरांना समोरची भिंत आधी दिसली. ती एवढी पांढरी होती की त्यांना वाटलं दिवा लावलाय. मग बायको दिसली. तिचे कानामागचे केस पांढरे झाले होते, डोळ्यांखाली सुरकुत्यांचं बारीक जाळं होतं. आणि तिचा तपकिरी स्वेटर जांभळा होता.

“हा जांभळा आहे?” मास्तर म्हणाले.

“चार वर्षं घालतेय,” ती म्हणाली.

घरी आल्यावर ते थेट पलंगापाशी गेले. चादर खालपासून वरपर्यंत पांढरीशुभ्र होती, निळीची हलकी झाक असलेली. त्यांनी तिच्यावर हात फिरवला.

“चादरी पांढऱ्या आहेत,” ते म्हणाले.

“होत्याच,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

माफी मागायची तर कशाकशाची? किती चादरी, किती वेळा? ते एक डोळा झाकून बघत बसले. उजवा उघडा ठेवला की खोली लख्ख, कडक. डावा उघडा ठेवला की मळकट, चहात बुडवलेली. “मला आता एक डोळा ग्लॉसी आणि एक मॅट मिळालाय,” ते जरा वेळानं म्हणाले. बायको हसली नाही. लॅपटॉप आल्यापासून त्या दोन शब्दांवरून तिनं पुरेसं ऐकलं होतं.

तीन आठवड्यांनी ते कामावर गेले. खिडकीचा काळा कागद काढला, खुराडं मोडून कोपऱ्यात ठेवलं, लॅपटॉप उघडला, आणि जुनी कामं एकेक करून बघायला लागले.

पहिली फाईल बिस्किटांची. बिस्किटं राखाडी होती, पावसात भिजून सुकलेल्या पुठ्ठ्यासारखी. दुसरी बाळाच्या पावडरीची; बाळाचे गाल जांभळट. तिसरी, चौथी. सगळीकडे पिवळा मारलेला, निळा चढवलेला. सगळी चित्रं कशी गारठून मेल्यासारखी. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं होतं. प्रत्येक फाईलवर त्यांचं नाव होतं. आणि प्रत्येक वेळी त्यांना ते बरोबर वाटलं होतं.

मग ते कपाटाकडे गेले. छापलेल्या प्रत्येक कामाचा एक नमुना तिथे ठेवलेला असायचा. बिस्किटांचं लेबल काढून त्यांनी उजेडपेटीत धरलं. बिस्किटं खरपूस होती. बाळाचे गाल गुलाबी होते. त्यांनी चाळीस कामं तपासली. फाईल चुकलेली आणि छपाई बरोबर, असं एकोणचाळीस वेळा. एकच काम फाईलसारखं छापलं गेलं होतं, बाळाच्या साबणाचं.

ते प्लेटच्या खोलीत गेले. बाई नुकतीच निघालेली प्लेट धूत होत्या.

“बाई,” मास्तर म्हणाले, “माझ्या फायली तुम्ही बदलत होतात?”

बाईंनी नळ बंद केला. एप्रनला हात पुसले.

“हो,” त्या म्हणाल्या.

“कधीपासून?”

“अडीच वर्षं झाली असतील. जुना मॉनिटर होता तेव्हापासून.”

“प्रत्येक?”

“जवळजवळ. तुमची फाईल तशीच ठेवून माझ्याकडच्या नकलेत बदल करायचे. सुरुवातीला थोडा हात लावावा लागायचा. मागचं वर्षभर बराच. मागचा नमुना काढायचे आणि त्याच्यावर बेतायचे. नवं काम असलं की जरा जड जायचं.”

“मला सांगायचं होतंत!” मास्तरांचा आवाज चढला. “एका शब्दानं तरी सांगायचं होतं!”

“सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या. “दोनदा. पहिल्यांदा तुम्ही हसलात. दुसऱ्यांदा खाली, मशीनपाशी, सगळ्यांसमोर म्हणालात, प्लेटा धुणाऱ्या बाईनं मला रंग शिकवू नयेत.”

मास्तरांना आठवलं. शब्द न् शब्द आठवला. त्या वेळी मशीनवरची माणसं हसली होती, तेही आठवलं.

“मग तरीही...” मास्तर म्हणाले.

“लेबलं बिघडली असती,” बाई म्हणाल्या. “आणि तुम्हाला घरी बसवलं असतं. तुम्हीच मला पहिल्यांदा ठिपका ओळखायला शिकवलं होतं. मला वाटलं, स्क्रीन बदलली की होईल ठीक. तुम्हीच म्हणायचात ना. मग तुम्ही मॅट आणली, ग्लॉसी आणली, कागद चिकटवला. मी आपली वाट बघत राहिले.”

“मालकांना माहीत होतं?”

बाईंनी प्लेट उचलून उजेडाकडे धरली आणि तिच्या कडा तपासायला लागल्या. मास्तर आपल्या खोलीत येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी दुसरं काही केलं नाही.

दोन दिवसांनी ते स्वतःच मालकांकडे गेले आणि म्हणाले, रंगाचं काम बाईंना द्या. त्यांना वाटलं होतं मालक नको-नको म्हणतील, निदान थोडे आढेवेढे घेतील. मालक म्हणाले, “मीही तेच बोलणार होतो, मास्तर. तुम्ही कुठे जाऊ नका. लेबलांच्या कापायच्या रेषा, मजकुराच्या चुका, ते काम तुम्ही बघा. तिथेही कसलेला माणूस हवाच.” मालक चांगुलपणानंच बोलत होते. मास्तरांनी मान हलवली. रागवायला त्यांना जागाच नव्हती.

लॅपटॉप बाईंच्या टेबलावर गेला. मास्तरांनी मोडलेल्या खुराड्याचा पुठ्ठा पुढे केला. “अकराला पत्र्यावरचं ऊन येतं,” ते म्हणाले. “ग्लॉसी आहे, फार चमकतं.”

“जरा तिरका केला की झालं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी लॅपटॉप चार बोटं तिरका केला. झालं.

डावा डोळा पुढच्या महिन्यात केला. मोतीबिंदू निघाला, रंग परत आले, पण बघावं तिथे मधोमध बोटानं पुसल्यासारखा एक डाग राहिला. मागचा पडदाच झिजलाय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. यावर चष्मा नाही, शस्त्रक्रिया नाही. उजव्यालाही असं होईल का, असं मास्तरांनी विचारलं. “दर सहा महिन्यांनी येत जा,” त्या म्हणाल्या. हो किंवा नाही त्यांनी म्हटलं नाही.

आता मास्तर डावा डोळा तळहातानं झाकून कापायच्या रेषा तपासतात. काम चोख करतात. जुनी गिऱ्हाइकं मात्र सवयीनं अजून त्यांच्याच खोलीत शिरतात. परवा सॉसवाले आले. नव्या बाटलीचा नमुना त्यांनी मास्तरांसमोर ठेवला. “मास्तर, हा लाल चालेल ना?”

मास्तरांनी तो उजेडपेटीत धरला. उजव्या डोळ्यानं बघितलं. लाल शंभर, पिवळा शंभर, काळ्याचा मागमूस नाही. अगदी हवा तसा. त्यांना स्वच्छ दिसत होतं, कसलीच शंका नव्हती. पण शंका त्यांना त्या चोवीस टक्के निळ्याच्या वेळीही आली नव्हती. तेव्हाही हेच समाधान वाटलं होतं. आतून दोन्ही अगदी सारखं होतं, आणि कुठलं खरं हे ओळखायला आता त्यांच्यापाशी काही नव्हतं.

“बाईंना विचारून सांगतो,” ते म्हणाले.

“तुम्ही विचारणार?” सॉसवाले हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

मास्तर नमुना घेऊन शेजारच्या खोलीत गेले. बाई फोनवर कुणाशी तरी शाईच्या डब्यांबद्दल बोलत होत्या. त्यांनी हातानं टेबलाकडे खूण केली, ठेवा म्हणून. मास्तरांनी नमुना ठेवला, आणि बाईंचा फोन होईपर्यंत ते तिथेच, दाराला टेकून उभे राहिले.